हलवू नका!

“हलवू नका! कुणी बोटसुद्धा लावायचं नाही तिला!”

शेजारच्या तोमेचा आवाज असा खणखणीत, की अंगणातला कुत्रा भुंकायचा थांबला. मात्सुनो चटईवर उजव्या कुशीवर पडली होती आणि तिच्या आजूबाजूला ओले मुळे घरंगळत होते. काय झालं ते तिचं तिलाच कळेना. आत्ता तर ती स्टुलावर उभी राहून आगटीवरच्या तुळईला मुळ्यांची माळ बांधत होती. गाठ मारताना दोरी उजव्या हातातून निसटली. तिला वाटलं, दोरी ओली आहे. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. मग पायाखालचं स्टूल गेलं.

“मावशी, निदान गादीवर तरी घेऊ या ना त्यांना,” सून रित्सुको रडकुंडीला आली होती.

“गादी तिच्याखाली सरकव. तिला गादीवर सरकवायची नाही. कळतोय का फरक? डोक्यातली शीर गेलीय. हललं की आणखी सांडतं. माझा बाप, माझा थोरला दीर, हिची सासू म्हणजे ह्या किसाबुरोची आई, सगळ्यांना पाहिलंय मी. जिथं लागलं तिथंच निजवायचं.”

उत्तर जपानातल्या आकिताच्या त्या डोंगराळ मुलखात अर्धांगाला अर्धांग म्हणायची पद्धत नव्हती. ‘लागलं’ म्हणायचे. अमक्याला न्हाणीत लागलं, तमक्याला शेतात लागलं. सहा महिने बर्फ, सकाळ-संध्याकाळ मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, खारट सार, खारवलेला मुळा, खारवलेली मासळी आणि वर तांदळाची दारू. दर दोन घरांआड एका घरात कुणीतरी निजलेलं असायचंच. त्यामुळे लागलेल्या माणसाचं काय करायचं, हे तोमेसारख्या बायका डॉक्टरलाही शिकवायच्या.

मात्सुनोला सगळं ऐकू येत होतं. तिला म्हणायचं होतं, अगं बायांनो, आधी ते मुळे उचला, तुडवले जातील. तिनं तोंड उघडलं.

“हट्!” ती म्हणाली.

सगळ्या दचकल्या. मात्सुनोही दचकली. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मुळे. मुळे म्हणायचंय. “हट्! हट्!”

वळचणीला सुकत घातलेल्या पर्सिमनच्या फळांवर कावळे यायचे, त्यांना हाकलताना ती दिवसातून पन्नास वेळा हा शब्द वापरायची. अठ्ठावन्न वर्षांत शिकलेल्या एवढ्या शब्दांतून देवानं तेवढाच एक मागं ठेवला होता. बाकीचे कुठं गेले, कुणास ठाऊक.

त्या एका शब्दानं पुढच्या पंधरवड्यात भलत्याच गमती केल्या. गावचे मुख्य समाचाराला आले, गुडघे टेकून अदबीनं म्हणाले, “मात्सुनोबाई, लवकर बऱ्या व्हा.” उत्तर मिळालं, हट्. मंदिरातले भिक्षू आले, जपमाळ काढली, डोळे मिटून सूत्र म्हणायला लागले. मात्सुनोला खरं तर बरं वाटलं होतं, तिला ‘आभारी आहे’ म्हणायचं होतं. भिक्षूंनी हट् ऐकलं आणि सूत्र निम्म्यात आवरून चहा न पिताच निघाले. नवऱ्याचं, किसाबुरोचं, तोंड शरमेनं लाल झालं.

“अगं, निदान गप्प तरी राहा,” तो पेजेचा चमचा तिच्या तोंडाशी धरून म्हणाला. “चाळीस वर्षांत कधी वर मान करून बोलली नाहीस, आणि आता बघ!”

मात्सुनोच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून पेज ओघळली. किसाबुरोनं ती आपल्या बाहीनं पुसली. माणूस वाईट नव्हता तो, फक्त घाबरट होता.

गादी आगटीच्या बाजूलाच घातलेली, कारण तिथंच तिला लागलं होतं. डोळे उघडले की वर मुळे दिसायचे. तुळईवरून गवताच्या दोऱ्या खाली सोडलेल्या, आणि एकेका दोरीला शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे बांधलेले बारा-पंधरा मुळे. पांढऱ्याचे पिवळे झाले, पिवळ्याचे तपकिरी. त्या भागात मुळा उन्हात सुकवायला ऊन कुठलं? ओक आणि चेरीच्या लाकडांच्या धुरावर सुकवायचा, मग कोंडा आणि मिठात घालायचा. ह्यातल्या चार माळा मात्सुनोनं बांधल्या होत्या. पाचवी रित्सुकोनं बांधली होती, गाठी सैल. तिला ते रोज खुपायचं आणि सांगता यायचं नाही.

पण तिला खरी भीती होती ती मागच्या खोलीची.

मुळे धुरावून झाले की पिंपात भरायचे, आणि आगटीची खोली नव्या वर्षासाठी मोकळी करायची. तोवर जागचं न हलवायचे एकवीस दिवस उलटलेले असतील, मग मात्सुनोला दाराच्या फळीवर घालून, न हलवता, अलगद मागच्या खोलीत न्यायचं, असं तोमेनं आणि किसाबुरोनं तिच्या उशाशी बसूनच ठरवलं होतं. रित्सुकोनं नुसती मान हलवली.

ती खोली उत्तरेची, बिनखिडकीची. तिथं किसाबुरोच्या आईला कपड्यांच्या घड्या करता करता लागलं होतं. मात्सुनो तेव्हा सव्वीस वर्षांची होती. सासू तिथंच निजली आणि मात्सुनो पस्तीस वर्षांची झाली तेव्हा तिथंच गेली. नऊ वर्षं. तिचं हगणंमुतणं, पाठीवरच्या जखमा, आखडून पोटाशी गेलेले पाय, सगळं मात्सुनोनं केलं आणि कुणी कधी नाव ठेवलं नाही. गावात अजून तिच्या सेवेचे दाखले देत होते.

एक गोष्ट मात्र मात्सुनोनं जन्मात कुणाला सांगितली नव्हती. लागून चार महिने झाले असतील. एका सकाळी सासूनं पायाची बोटं हलवली आणि ओबडधोबड आवाजात म्हणाली, “मला उठव.” मात्सुनो घाबरली. तिनं सासूचे पाय दाबून धरले आणि म्हणाली, “नको, सासूबाई, हलू नका.” पुढं बरेच दिवस सासू ‘उठव’ म्हणत राहिली. मग म्हणायची थांबली.

आता आगटीपाशी पडल्या पडल्या मात्सुनोला तो आवाज ऐकू यायचा. मी तिला दाबून ठेवलं. मी माझ्या हातांनी.

अठराव्या दिवशी परगण्याची आरोग्यसेविका आली. ओनोदेरा तिचं नाव, गुडघाभर बर्फातून पायांना गवताच्या चपला बांधून आलेली, वय चोविशीच्या आत. तिनं दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला, उजवा हात उचलून सोडून पाहिला, पायाच्या तळव्यावर नख ओढलं. पायाचा अंगठा हलला. मग तिनं चुलीवरच्या साराची चव घेतली आणि तोंड वाकडं केलं.

“हे सार आहे की समुद्र?”

“मिठावाचून हिवाळा निघतो होय?” तोमे फणकारली. ती रोजच्यासारखी हजर होतीच. “तुझ्या वयाचे माझ्याकडे पायमोजे आहेत, पोरी.”

“असतील, मावशी. त्यांना भोकंही पडली असतील.” ओनोदेरा किसाबुरोकडे वळली. “काका, यांना बसवायला हवं. आजपासून. रोज थोडं थोडं. महिन्यात उभं करायचं.”

“डोक्यातलं रक्त…” किसाबुरो पुटपुटला.

“आठ-पंधरा दिवस जपायचं ते जपून झालं. आता निजवून ठेवाल तर कायमच्या निजतील. तुमच्या शेताला पाटाचं पाणी येतं ना? एक फाटा बुजला, त्याच्यावरचे दोन वाफे वाळले. तसंच हे. वाळलेले वाफे परत हिरवे व्हायचे नाहीत, काका, खोटं कशाला सांगू? पण शेजारच्या वाफ्यांना थोडं जास्तीचं काम शिकवता येतं. आपोआप नाही शिकत ते. हलवाल तरच शिकतील.”

किसाबुरो बराच वेळ आगटीतली राख चिमट्यानं सारखी करत बसला. “माझ्या आईच्या वेळी मोठे डॉक्टर आले होते तालुक्याहून,” तो शेवटी म्हणाला. “हलवू नका म्हणाले. आम्ही नाही हलवली. म्हणून तर नऊ वर्षं जगली.”

“जगल्या?” ओनोदेरा म्हणाली आणि मग तिचं तिलाच जास्त बोलल्यासारखं वाटलं.

“हट्!” गादीवरून मात्सुनो ओरडली.

“बघ!” तोमे म्हणाली. “तिला पण पटत नाहीये तुझं. जा बाई आता, बर्फ वाढायच्या आत.”

ओनोदेरा गेली. मात्सुनो छताकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून रागाचं पाणी कानात जात राहिलं. हट् तुला नव्हतं गं पोरी. हट् ह्या दोघांना होतं.

त्या दुपारी रित्सुको तिचं अंग पुसत होती. मुलगा कात्सुइची दरवर्षीसारखा हिवाळ्याच्या कामाला तोक्योला गेलेला. पुढच्या वर्षी तिथं ऑलिंपिक व्हायचं होतं, रस्ते बांधायला माणसं हवी होती. घरात पोरीला बोलायला कुणी नाही. थंड पाण्यानं तिचे हात फुटून रक्त आलं होतं. सासू बोलू शकत नाही म्हटल्यावर सुना मोकळ्या होतात, तशी ती मोकळी झाली.

“आई, ती सेविका म्हणाली ते खरं असेल का हो? मला वाटतं असेल. पण मी उठवायला गेले आणि तुम्हाला काही झालं, तर हे गाव मला जिवंत ठेवील का? म्हातारी नको झाली म्हणून मारली म्हणतील.” तिनं फडकं पिळलं. “आणि नाही उठवलं तर… मी सव्वीस वर्षांची आहे, आई.”

मात्सुनोनं डाव्या हातानं तिचं मनगट पकडलं. इतकं घट्ट, की रित्सुकोला दुखलं. सव्वीस. मात्सुनोला ठाऊक नव्हतं की काय! तिला सांगायचं होतं, तू नको उठवू. तुझ्यावर आळ नको. मीच उठते.

“हट्,” ती म्हणाली. रित्सुकोनं हात सोडवून घेतला, तिला वाटलं सासू रागावली.

मग मात्सुनोनं चोरून कामाला सुरुवात केली. रित्सुको पाण्याला गेली की डाव्या कोपरावर भार द्यायचा, कुशीवर व्हायचं, डोकं चटईपासून वीतभर उचलायचं. पहिल्या दिवशी भिंती गरगर फिरल्या. दुसऱ्या दिवशी ओकारी आली, ती तिनं गिळली, नाहीतर पकडली गेली असती. तिसऱ्या दिवशी ती दहा आकडे मोजेपर्यंत बसली. तोंडानं मोजता येत नव्हते, पण मनात सगळे आकडे शाबूत होते. एकविसाव्या दिवसाला एक दिवस उरला होता.

एकविसाव्या दिवशी सकाळी किसाबुरो आणि तोमेचा मुलगा छपरावरचा बर्फ पाडायला चढले. रित्सुको आणि तोमे खाली पडलेला बर्फ लोटत होत्या. दुपारी मुळे उतरवायचे आणि मग मात्सुनोला न्यायचं, असा बेत. दाराची फळी भिंतीला टेकवून तयार ठेवली होती. वर धप्, धप् आवाज चाललेला. घरात कुणी नाही.

मात्सुनो उठून बसली. बुडावर सरकत आगटीच्या कडेला आली. उजवा पाय मागनं फरफटत आला. सगळ्यात जवळची माळ, नेमकी रित्सुकोची, डोक्यावर हातभर उंचीवर लोंबत होती. तिनं डावा हात वर केला आणि सगळ्यात खालचा मुळा धरला. मग त्याच्या वरचा. मग त्याच्या वरची दोरी. डावा पाय चटईत रोवला. चाळीस वर्षं ह्या तुळईला मी मुळे टांगते आहे, तिनं मनात म्हटलं, आज मला टांग.

ती उठली. गुडघा लटपटला, पण उठली. धुरात तोंड, डोळ्यांत पाणी, डावा पाय जमिनीवर आणि उजवा नुसता नावाला. आपलं घर तिनं एकवीस दिवसांनी उभ्यानं पाहिलं. कपाटावर किती धूळ बसलीय!

आणि तेवढ्यात सैल गाठ सुटली. बारा-पंधरा मुळे धडाधड तिच्या डोक्यावर, खांद्यावर, आगटीत. राख उडाली. मात्सुनो बाजूच्या दोरीला लोंबकळली. ही दोरी तिच्या स्वतःच्या हातची होती. ही सुटली नाही.

आवाजानं सगळी धावत आली. किसाबुरो छपरावरून जवळजवळ घसरतच खाली आला. दारात येऊन सगळ्यांचे पाय थिजले. मात्सुनो उभी होती. केसांत राख, कपाळाला मुळ्याचा टोला, तोंड वाकडं, आणि डाव्या हाताची बोटं दोरीवर पांढरी पडलेली.

“देवा रे!” तोमे किंचाळली. “निजवा तिला! किसाबुरो, बघतोस काय? धर आणि निजव!”

किसाबुरो पुढं आला. मात्सुनोनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. आयुष्यात तिनं ह्या माणसाला एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

“हट्!”

ह्या वेळी त्या शब्दाचा अर्थ सगळ्यांना कळला. किसाबुरो जागच्या जागी थांबला. मात्सुनोनं नजर मागच्या खोलीच्या दाराकडे नेली, भिंतीला टेकलेल्या फळीकडे नेली, आणि पुन्हा म्हणाली, “हट्!”

रित्सुकोनं आगटीतला एक मुळा उचलला, बाजूला ठेवला, आणि सासूच्या उजव्या काखेत खांदा दिला. “बाबा,” ती म्हणाली, “आई उभ्या आहेत. मी धरलंय. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.”

“मेली तर?” तोमे म्हणाली.

“मेल्या तर उभ्या मेल्या,” रित्सुको म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली.

किसाबुरो बूट काढून आत आला, फळी उचलली आणि बाहेर गोठ्यात नेऊन ठेवली. परत आला तो हातात गवताचा पेंढा घेऊन. आगटीपाशी बसून त्यानं दोरी वळायला घेतली. तिपेडी वळली, हात-हातभर अंतरावर गाठी दिल्या, धरायला बऱ्या पडाव्यात म्हणून. मग स्टुलावर चढून ती तुळईला बांधली आणि स्वतः लोंबकळून पाहिलं. उतरल्यावर त्यानं तोंड फिरवून नाक पुसलं. “आईला पण उठायचं होतं,” तो म्हणाला. “मी बाहेरच्या खोलीत असायचो. ऐकू यायचं मला.”

मात्सुनोनं डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला. एवढी वर्षं तिला वाटत होतं, ते आपल्याला एकटीलाच माहीत आहे.

मागच्या खोलीत त्या वर्षी मुळ्यांची पिंपं गेली. मीठ निम्मं. किसाबुरो म्हणाला, ह्याला काही चव नाही, आणि खात राहिला. मात्सुनो बर्फ वितळेपर्यंत दोरी धरून उभी राहायला लागली, भाताच्या लावणीपर्यंत काठी धरून अंगणात. गावानं काय काय म्हणून घेतलं. सून म्हातारीला राबवते म्हणाले. म्हातारीला भूत लागलंय म्हणाले. तोमेनं तर बोलणंच टाकलं. गावचे मुख्य तर अंगणावरून जाताना लांबनंच मान लववायचे. उजवा हात काही आला नाही. खांद्यापासून तो तसाच लोंबत राहिला, मात्सुनो त्याला सकाळी बाहीत घालायची आणि रात्री बाहेर काढायची. शब्द दोनचार परतले. मुळा, पाणी, रित्सु. बाकीचं सगळं अजून हट्मध्येच भागवावं लागे.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाला, पहिला बर्फ पडला त्याच आठवड्यात, तोमेला लागलं. आपल्याच घरात, आगटीपाशी.

दोन आठवडे झाले. ओनोदेरा येऊन गेली, बसवा म्हणून सांगून गेली. तोमेचा मुलगा नको म्हणाला. आईनंच आयुष्यभर सगळ्यांना शिकवलेलं, तो बिचारा दुसरं काय करणार? रित्सुकोनं घरी येऊन हे सांगितलं. मात्सुनो उठली, काठी घेतली, आणि डाव्या हाताच्या कोपरात तुळईवरच्या त्या दोरीची गुंडाळी अडकवली.

“आई, मी येते बरोबर.”

“हट्.”

दोन घरांमधलं अंतर पाऊणशे पावलांचं. मात्सुनोला अर्धा तास लागला. तोमेच्या घरात बायका भरल्या होत्या. सगळ्या दबक्या आवाजात बोलत होत्या आणि उशाशी कुणीतरी उदबत्ती लावली होती. दारात मात्सुनो दिसली तशी कुजबूज थांबली.

“मात्सुनोबाई,” तोमेचा मुलगा अवघडून उठला, “आईला हलवायचं नाहीये. तुम्ही लांबनंच…”

“हट्!”

बायका बाजूला झाल्या. वाट झाली. मात्सुनो काठी टेकत आगटीपर्यंत आली आणि धपकन बसली. तोमेची डावी बाजू गेली होती, वाचा शाबूत होती. गादीत ती इतकी लहान दिसत होती, की हिचा आवाज ऐकून कुत्रे गप्प व्हायचे हे कुणाला खरं वाटलं नसतं.

“मात्सुनो,” ती म्हणाली, “यांना सांग, मला हलवू नका म्हणावं. मला भीती वाटते गं.”

मात्सुनोनं दोरीची गुंडाळी तोमेच्या मुलापुढं टाकली आणि काठीनं वरच्या तुळईकडे बोट दाखवावं तसं दाखवलं. तो बायकांकडे बघायला लागला. “हट्!” मात्सुनो म्हणाली. तो स्टुलावर चढला.

तोमे तिच्याकडे बघत होती. मात्सुनोचा उजवा हात चटईवर वेडावाकडा पडला होता. मात्सुनोनं तो डाव्या हातानं उचलला आणि नीट मांडीवर ठेवला.

“मी तुला हलवू दिलं नव्हतं,” तोमे म्हणाली. “लवकर उठवलं असतं तर ह्या हातानं मुळे बांधले असतेस?”

मात्सुनोनं विचार केला. बांधले असते, नसते, कुणाला माहीत. तिनं सासूचे पाय दाबून धरले होते तेव्हा तिलाही कुठं माहीत होतं? हे सगळं सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते. तिनं तोमेच्या डोक्याखाली हात घातला.

“ऊठ,” ती म्हणाली.

तो शब्द तिच्या तोंडून वर्षात पहिल्यांदाच आला होता. तोमेनं घाबरत उजवा हात वर केला आणि दोरीची गाठ पकडली. मात्सुनोनं डोक्याखालचा हात काढून त्याच्या वरची गाठ धरली. दोरीला ओढ बसली, तुळई करकरली आणि तिच्यावर साठलेली कितीतरी हिवाळ्यांची काजळी दोघींच्या डोक्यांवर पडली.